काट्याच्या जागी बोल्ट

२०२० साल. मी बासष्ट वर्षांचा. चैत्र संपत आला होता, लॉकडाऊनला महिना होत आला होता, आणि सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू ठोकलेले होते. दुधाची पिशवीसुद्धा बांबूवरून हातात घ्यायची. अशात एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास शहराबाहेरून, कडोदऱ्याच्या पुढून, वसंतभाईंचा फोन आला. "रघुभाई, फिल्टर मी स्वतःच खोलतो. तू फक्त फोनवर सांगत जा."

त्या एका सकाळबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलात, तर हेच लिहितो. बाकी माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काय आहे? मी चौथी नापास माणूस. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघून घ्या, मजकूर मात्र बदलायचा नाही.

माझं काम मोठ्या लोकांच्या बंगल्यातले स्विमिंग पूल चालू ठेवायचं. आमच्या घरात त्याला हौदच म्हणतात, मीही तसंच लिहितो. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होतो, शेवटची पंधरा मास्तर म्हणून. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, बंद पडलेली लूम चालू करणारा. एका शेठने बंगल्यात हौद बांधला, त्याचा पंप बंद पडला, म्हणून मला उचलून नेलं. मी म्हटलं, मोटर ती मोटर. दोन तासांत चालू करून दिला. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. खातं सुटलं आणि हौद लागले.

फिल्टर म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी हौद नाही त्यांना सांगतो. आम्ही अमळनेरकडचे. लहानपणी उन्हाळ्यात तापीच्या वाळूत झिरा खणायचो. वाळूतून पाझरून येणारं पाणी काचेसारखं. फिल्टर म्हणजे तोच झिरा, टाकीत उभा केलेला. हंड्यासारखी मोठी प्लास्टिकची टाकी, आत गळ्यापर्यंत रेती. पंप हौदातलं पाणी ओढतो, दाबाने रेतीतून ढकलतो, घाण वर अडकते, स्वच्छ पाणी परत हौदात. आठ-पंधरा दिवसांनी एक दांडा फिरवून पाणी उलटं सोडायचं, म्हणजे रेती धुऊन निघते. संपलं शास्त्र. तापी अमळनेरकडून वाहत सुरतला येते, आणि मी पण. दोघांनाही रेतीचं काम ठाऊक.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने. एका बाईंनी हौद चकचकीत व्हावा म्हणून कपड्याची पावडर दोन पिशव्या ओतली होती. पंप लावला आणि फेस कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर. दुसऱ्या एका घरी शाडूचा अडीच फुटी गणपती हौदातच विसर्जित केला. भक्तिभावाने केलं, मला काही म्हणायचं नाही. पण माती सगळी फिल्टरात गेली आणि रेतीचा असा गोळा झाला की पहारीने फोडावा लागला. मालक हात जोडून उभे. मी विचारलं, "हात मला जोडताय की आतल्याला?"

तर वसंतभाई. साड्यांचा धंदा पोराच्या हाती देऊन कडोदऱ्याच्या पुढे बंगल्यात राहायला गेलेले. पोरगा सुरतेत, हे दोघेच तिकडे. कोकिलाबेनच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जमिनीवर वॉकर धरूनही चार पावलं अवघड, पण पाण्यात मात्र त्या अर्धा-अर्धा तास चालायच्या. डॉक्टरनेच सांगितलं होतं, गुडघे हलते ठेवा, नाहीतर धरतील. हौद त्यांच्यासाठीच बांधलेला. आता तीन आठवडे माळी नाही, मी नाही, पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं. कोकिलाबेनचे गुडघे खरंच धरायला लागले होते.

शेठ गुजरातीत बोलायचे, मी माझ्या हिंदीत. तीस-चाळीस वर्षांत सुरतेत एवढं जमतं. इथे मी बहुतेक मराठीतच लिहितो.

"उलटं पाणी सोडून बघितलंत?" मी विचारलं.

"तीनदा सोडलं. रेती घट्ट झालीय. व्हिडिओमध्ये दाखवलंय, झाकण काढून रेती हाताने ढवळायची."

"व्हिडिओवाला येणार आहे का बांबूवरून उडी मारून? मी सांगतो तसं करा."

"तेच म्हणतोय ना बाबा. तू सांग." मग म्हणाले, "पण रघुभाई, व्हिडिओमध्ये झाकणावर एक काटा आहे. घड्याळासारखा. आधी काटा शून्यावर आला का बघा, म्हणतो. आपल्या झाकणावर काटाच नाही. नुसता बोल्ट आहे."

इथे मला मागे जावं लागेल.

लूमच्या खात्यात कारीगराला मीटरवर मजुरी. लूमला एक पट्टी असते, धागा तुटला की लूम आपोआप थांबवते. चांगली सोय आहे. पण ती कधी उगाचही थांबवते, आणि थांबलेली लूम म्हणजे बुडालेलं मीटर. म्हणून कारीगर येऊन म्हणतो, मास्तर, हिला बांधून टाका. आणि मास्तर तार घेऊन पट्टी बांधून टाकतो. मी शेकडो बांधल्या असतील. मशीन कशी चालतेय ते आम्ही कानाने ओळखायचो. खात्यात माझा डावा कान गेला, पण उजव्या कानाने मी वीस लूममधली कुठली आजारी आहे ते डोळे मिटून सांगायचो. गर्व नाही, खरं सांगतोय. बरं, गर्व पण आहे.

फिल्टरचा तो काटा आतला दाब दाखवतो. त्याच्याच बुडाशी हवा सोडायची एक लहानशी चकती असते. वसंतभाईंच्या फिल्टरलाही कंपनीने दोन्ही दिलं होतं. पण शेठ लोकांना काटा दिसला की चैन पडत नाही. "रघुभाई, काटा पिवळ्यावर आला." "रघुभाई, काटा हलतोय." दिवसातून दोन फोन. काटा बघणारा मालक चार दिवसांत मला मशीन शिकवायला लागतो. शिवाय वर्षभरात तो गंजून पाणी गळायला लागतो. म्हणून मी काय करायचो, काटा चकतीसकट काढायचो आणि त्या भोकात पितळी बोल्ट आवळून टाकायचो. माझा हात टाकीवर ठेवला की मला दाब कळायचा. काट्याची गरज कोणाला? शिकलेल्यांना.

आणि झाकण खोलायच्या आधी मी तो बोल्ट अर्धा ढिला करायचो. फुस्स करून हवा जायची, मग झाकणाच्या पट्ट्याला पाना लावायचो. हे माझा हात आपोआप करायचा. हे कोणाला सांगावं लागेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्या सकाळी शेठने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आपल्या मॉडेलला काटा नसतो. कंपनीच तसं देते."

खोटं बोललो. का, तर महिनाभर घरात बसलेला माणूस मी, एकच गिऱ्हाईक फोनवर, त्याच्यापुढे कशाला कमीपणा घ्यायचा.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे आपल्याला ते बघायची गरज नाही."

मी "हां" म्हटलं. मनात होतं, पुढे बोल्ट ढिला करायला सांगेन तेव्हा सांगेन.

मग एकेक पायरी. पंप बंद करायला लावला. पंपघर हौदाच्या पातळीखाली, पाच पायऱ्या उतरून, वर सिमेंटचा पत्रा. तिथे टाकी खोलली तर सगळा हौद अंगावर येईल, म्हणून पंप बंद होताच येणारा आणि जाणारा, दोन्ही कॉक झटकन बंद करायला सांगितले. त्यांनी केले. म्हणजे आत जो दाब होता तो होता तसा कोंडला. त्यात पंप तीन आठवडे बंद राहिलेला, अशा वेळी तो कुठून तरी हवा ओढतो, आणि ती हवा टाकीच्या डोक्यात जाऊन बसते. पाणी दाबलं तर दबत नाही. हवा दबते, आणि संधी मिळाली की उसळते.

"आता फोन टाकीवर ठेवा," मी म्हटलं. "झाकणावरच ठेवा. आत पाणी कुठे पाझरतंय का ते मला ऐकू द्या. मग पुढचं सांगतो."

माझी हौस. इतक्या लांब घरात बसून कानाने टाकी तपासायची. त्यांनी फोन ठेवला. टक्, असा प्लास्टिकवर आवाज आला. मी डोळे मिटले, उजवा कान दाबून धरला. पाझर नव्हता. आत सगळं गच्च होतं. एवढं गच्च, की मला कळलं हवा आहे.

"शेठ, फोन घ्या," मी म्हटलं.

उत्तर नाही. अहो, उत्तर कुठून येणार? फोन झाकणावर, स्पीकर बंद, मला त्यांचं सगळं ऐकू येतंय आणि त्यांना माझं काही नाही.

आणि मग, कर्र... कर्र... कर्र.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. झाकण टाकीला धरून ठेवायला एक पट्टा असतो. पाइपवर आवळतो तसली क्लिप समजा, पण परातीच्या घेराची. त्याच्या नटावर पाना फिरत होता. काटा नाही म्हणजे थांबायची गरज नाही, एवढं सरळ गणित शेठनी केलं होतं. आणि ते गणित मीच त्यांना दिलं होतं.

"शेठ! शेठ, थांबा! वसंतभाई!" मी असा ओरडलो की शेजारच्या खोलीतल्यांनी खिडकी उघडली. सुमन, आमची मंडळी, पोळपाट सोडून धावत आली. घरात ती अहिराणीच बोलते.

"काय व्हयनं?"

"झाकण उडेल. तोंडावर उडेल त्यांच्या."

"मंग फोन कापा नि पुन्हा लावा!"

मी बोट बटणावर नेलंसुद्धा. आणि तिथेच थांबलो. फोन झाकणावर आहे. रिंग वाजली की माणूस काय करतो? वाकतो. बघतो कोणाचा आहे. पट्टा अर्धा सुटलेला आणि शेठचं तोंड बरोबर झाकणावर.

कर्र... कर्र.

"नको," मी म्हटलं. "रिंग नको."

सुमनने कमरेचा स्वतःचा साधा फोन काढला. "कोकिलाबेनना नंबर शे मनाजोडे. लोणचं दिधं व्हतं ना तिनी."

कैरीच्या लोणच्यावरून या दोघींची दोस्ती झालेली, मला पत्ताच नव्हता. तिने नंबर लावला. माझ्या एका कानात पाना, आणि समोर सुमनचा चेहरा. रिंग जातेय, उचलत नाहीत. कर्र. आता मधूनच एक बारीक स्स्स ऐकू यायला लागला होता. झाकणाखालची रबरी रिंग श्वास सोडायला लागली होती. तो आवाज आला की पुढे फार आटे उरत नाहीत.

"बेन!" सुमन एकदम ओरडली. "बेन, भाई को बोलो छोड दो! हाथ मत लगाओ! बाहर बुलाओ, जल्दी!"

मग मी ते माझ्या फोनवर ऐकलं, लांबून, हौदाच्या त्या बाजूने. कोकिलाबेनचा आवाज. "सांभळो छो? बहार आवो! रघुभाई ना पाडे छे!"

ऐकताय का, बाहेर या, रघुभाई नको म्हणतोय. आणि शेठचा आवाज जवळून, अगदी टाकीवरून, दम लागलेला: "एक आंटो बाकी छे!"

एक आटा बाकी आहे.

त्या माणसाला मी दोष देत नाही. एक आटा बाकी असताना मीही कोणाचं ऐकलं नसतं. आयुष्यात कधी ऐकलं नाही.

कर्र.

आणि तेवढ्यात काहीतरी लोखंडी फरशीवर आपटलं. खणखण आवाज झाला. त्यामागून शेठ असे ओरडले की तो आवाज मला पहिल्यांदा त्यांचा वाटलाच नाही. "अरे, तू चालीने क्यां आवे छे? पडी जईश!" चालत कुठे येतेस, पडशील.

कोकिलाबेनने वॉकर टाकून दिला होता. वॉकर पायऱ्यांवर चालत नाही, म्हणून टाकला, आणि हात भिंतीला लावून त्या पंपघराच्या पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. तीन आठवडे खुर्चीत बसलेल्या गुडघ्यांनी. शेठची चप्पल फरशीवर घसरल्याचं मी ऐकलं. लांब गेल्याचं ऐकलं.

मग मोठा धडाका झाला. आणि फोन मेला.

मेला म्हणजे मेलाच. परत लावला, बंद. सुमनने कोकिलाबेनला लावला, रिंग जातेय, कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मी चपला न घालता गल्लीच्या तोंडाला गेलो, बांबूला धरलं. पलीकडे एक होमगार्डचा पोरगा खुर्ची टाकून बसला होता.

"काका, अंदर जाओ."

"कडोदरा जाना है. पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत तरी सोड, पुढे चालत जाईन."

"काका, पागल हो गये क्या?"

"माझ्या हातून माणूस मेला असेल तिकडे," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्याने उठून मला पाण्याची बाटली दिली. मी ती हातात धरून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. सुमन म्हणते वीस मिनिटं. मी म्हणेन, लूमच्या खात्यातली अठ्ठावीस वर्षं त्यापेक्षा लवकर गेली.

ती पदर सावरत धावत आली, फोन पुढे धरून. "शेतस! दोन्ही शेतस!"

आहेत. दोघेही आहेत.

वसंतभाईच बोलत होते, बायकोच्या फोनवरून. मधूनच हसत होते, माणूस वाचल्यावर हसतो तसे. झाकण वरचा पत्रा फोडून बाहेर गेलं. फोनचे तुकडे सापडले, तेही सगळे नाहीत. पट्ट्याने दंडाला चीर पडली, शेजारच्या बंगल्यातले डॉक्टर टाके घालताहेत. कोकिलाबेन तिसऱ्या पायरीवर बसून रडताहेत, गुडघे दुखताहेत, पण पडल्या नाहीत. यांनी वेळेवर धरलं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "तू थांब म्हटलं होतंस, मी ऐकलं नाही. पण रघुभाई, त्या कंपनीला मी सोडणार नाही. साधा काटा दिला नाही त्यांनी. काटा असता तर मला दिसलं असतं. केस करतो की नाही बघ. तू साक्ष देशील ना?"

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "हां, शेठ."

फोन ठेवला. सुमन अजून तिथेच उभी. तिने सगळं ऐकलं होतं, तिच्या फोनचा आवाज मोठा आहे. ती रागावली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "तो काटा आपला डबामा शे ना?"

बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, माझ्या हत्यारांच्या पेटीखाली. काढलेले काटे त्यात टाकायचो. का ठेवले होते, देवाला माहीत. मशीनचा चांगला भाग फेकायचा नाही, ही पण खात्यातलीच सवय. मी तिला उत्तर दिलं नाही. दुपारचं जेवलो नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "कोकिलाबेन जिनावरथीन उतरनी. तुमले फोन उचलता येवाव नही?" त्या पायरी उतरल्या, तुमच्याने फोन उचलवत नाही? त्यालाही उत्तर दिलं नाही. मला उत्तर न देता दिवस काढता येतो, त्यात माझा हातखंडा आहे.

लूमच्या त्या बांधलेल्या पट्ट्या आठवत होत्या. एका खात्यात एका कारीगराचं बोट गेलं होतं. तेव्हाही मालक मशीनवाल्या कंपनीला शिव्या देत होता, आणि तारेचा तुकडा माझ्या खिशात होता. तेव्हा मी तिशीतला होतो. तेव्हाही "हां शेठ" म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी डबा घेऊन गच्चीवर गेलो, तिथे रेंज चांगली मिळते. झाकण काढून काटे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर मांडले. पाच होते. पाच घरं. खिशातल्या वहीतून नंबर काढले. पहिला फोन कोकिलाबेनच्या नंबरवर, आणि शेठनाच फोनवर बोलवून घेतलं.

"वसंतभाई," मी म्हटलं, "कंपनीने काटा दिला होता. मी काढला. तो बोल्ट माझा आहे. आणि झाकण खोलायच्या आधी तो ढिला करायचा असतो, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. काल खोटं बोललो. काटा आत्ता माझ्यासमोर आहे. असे पाच आहेत."

मी उजवा कान दाबून धरला.

"पाच?" ते म्हणाले. "बाकीची चार घरं कोणती?"

मी सांगायला लागलो.

"मला काय सांगतोस? आधी त्यांना फोन कर. तेही सगळे घरातच बसलेत, व्हिडिओ बघत. मला तुला शिव्या द्यायच्यात, भरपूर द्यायच्यात. पण नंतर."

त्यांनी फोन ठेवला. मी वहीवर बोट ठेवून पुढचा नंबर लावला.